हरकतीच्या अर्जावर न केलेली सही

दिगंबर भोळे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते जळगावात, त्यांच्या वर्गाच्या दारात. मी धुळे तालुक्यातल्या एका खेड्यातून आले होते. मराठी साहित्यात एम.ए. झाले होते आणि स्पर्धा परीक्षेत दोनदा इंग्रजीने मागे राहिले होते. सरांनी नाव विचारले, गाव विचारले, आणि मग सकाळपासून काय काय केले ते विचारले. मी सांगितले : उठले, चपला घातल्या, बसमध्ये चढले, स्टँडवर उतरले, तुमचा पत्ता शोधून काढला.

"ही पाच कामं तू रोज करतेस," सर म्हणाले. "गेट अप, पुट ऑन, गेट ऑन, गेट ऑफ, फाइंड आउट. यात भिण्यासारखं काय आहे?"

प्रवेश अर्ज त्यांनी त्यानंतर दिला.

ज्यांचा या परीक्षांशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. इंग्रजीत क्रियापदाला एखादा छोटा शब्द जोडला की अर्थ बदलतो. 'लुक' म्हणजे पाहणे, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे. याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असतात. चार पर्याय असतात आणि चारही बरोबर वाटतात. बाजारात याद्या मिळतात. मुले त्या पाठ करतात आणि पेपरात विसरतात.

सर यादी पाठ करू देत नसत. प्रत्येक फ्रेझल व्हर्बसाठी आपल्या घरातले एक वाक्य लिहायचे, आणि ते खरे असले पाहिजे, हा त्यांचा नियम होता. एका मुलाने आपले काका विमानाने निघाले असे लिहिले. 'टेक ऑफ' अगदी बरोबर होते. सरांनी काकांचे गाव विचारले, धंदा विचारला, आणि वाक्य खोडायला लावले. यावलच्या एका मुलीने लिहिले की ट्रक आला नाही म्हणून आम्ही केळीची कापणी पुढे ढकलली. 'पुट ऑफ' म्हटले की मला आजही तिच्या वडिलांची बाग दिसते, जी मी कधी पाहिलेली नाही. त्या मुलीची परतीची बस चुकते हे कळल्यावर सरांनी अख्ख्या वर्गाची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणली. कारण कुणाला सांगितले नाही. त्यासाठी त्यांना स्वतःला असोद्याच्या घरून लवकर निघावे लागे.

आठवड्याच्या शेवटी सर एक कागद देत. स्वतःच्या हाताने लिहिलेला, झेरॉक्स काढलेला. छापील पुस्तकांवर आमचा विश्वास कमी होता. सरांच्या कागदावर पूर्ण होता. पुढचे सगळे त्यातून घडले.

वयाच्या अटीमुळे माझ्याकडे दोन प्रयत्न उरले होते. घरी मात्र हा शेवटचा, असे ठरले होते. परीक्षा झाली. उत्तरतालिका आली. एका प्रश्नात 'सहन करणे' या अर्थाचा पर्याय निवडायचा होता. मी 'पुट अप' निवडला होता. आयोगाचे उत्तर होते 'पुट अप विथ'. वर्गातल्या आणखी चौघांचे उत्तर माझ्यासारखेच होते. पाच जण एकच उत्तर देतात म्हणजे आयोग चुकला, असे आम्ही ठरवले. हरकतीचा अर्ज लिहिला, पुरावा म्हणून सरांचा कागद जोडला आणि विषयतज्ज्ञ म्हणून सही घ्यायला सरांकडेच गेलो. सोबत महाजन होता. तो वर्गाला क्वचित येई, आणि त्याचे उत्तर बरोबर आले होते.

"मी सरांचा कागद वाचलाच नाही," तो जिन्यात म्हणाला, "म्हणून वाचलो."

आम्ही त्याला गप्प केले.

सरांनी अर्ज उभ्यानेच वाचला. मग जोडलेला कागद पाहिला. 'पुट अप' आणि 'पुट अप विथ' या दोन ओळी एकाखाली एक होत्या. पहिलीसमोर 'सहन करणे' लिहिले होते, दुसरीसमोर 'मुक्काम करणे'. सरांनी खिशाला लावलेले पेन काढले नाही.

"आयोग बरोबर आहे," ते म्हणाले. "अर्थ मी उलटे लिहिले. अक्षर माझंच आहे."

मी अर्ज घडी करून पिशवीत ठेवला.

ते प्रवेशाचे दिवस होते. समोरच्या रस्त्यावर दुसऱ्या वर्गाचे फलक लागले होते. हितचिंतकांनी सरांना गप्प राहण्याचा सल्ला दिला. एका गुणाचा प्रश्न, मुले विसरतील. दुसऱ्या दिवशी सरांनी त्या दोन ओळी फळ्यावर जशा चुकल्या तशा लिहिल्या, खाली बरोबर लिहिल्या, आणि ही चूक आपली आहे असे प्रत्येक तुकडीला सांगितले. नवे प्रवेश घ्यायला आलेले पालक मागे उभे होते. त्यांतले काही निघून गेले.

निकाल लागला. चुकीच्या उत्तराचे गुण वजा होतात. मी एका गुणापेक्षा कमी फरकाने यादीबाहेर होते. मी सामान बांधून गावी गेले.

पाचव्या दिवशी सर आमच्या ओट्यावर आले. जळगावहून धुळे, धुळ्याहून दुसरी बस, मग फाट्यापासून पायी. आबा, म्हणजे माझे वडील, कपाशीतून नुकतेच आले होते. सरांनी पाणी घेतले आणि बसण्यापूर्वीच बोलले.

"तुमची मुलगी राहिली ती माझ्या कागदामुळे. तिचा अभ्यास पुरेसा होता. तिला एक वर्ष द्या."

आबांनी त्यांना आधी बसवले.

"सर, चुकतस तं बठ्ठाच," ते अहिराणीत म्हणाले; बठ्ठा म्हणजे सगळे. "सांगाले कोन येस?"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जाय. आखो एक वरीस."

इतर चौघांच्या घरीही सर गेले. ते चौघे हा गुण मिळाला असता तरी यादीत आले नसते. सरांना हे माहीत होते.

मी परतले तेव्हा सरांनी एक काम दिले : झेरॉक्सला जाण्याआधी कागद मी तपासायचा. माझे इंग्रजी कच्चे आहे असे मी म्हणाले. सर म्हणाले, "म्हणूनच. माझी नजर पुढे पळते. तू प्रत्येक शब्दाला थांबतेस." वर्षभर मी थांबत गेले. त्यातच इंग्रजी आले. पुढच्या परीक्षेत माझी निवड झाली. आज मी धुळ्यात राज्यकर निरीक्षक आहे. माझ्या हातून नोटिशीत चूक झाली तर त्या व्यापाऱ्याला फोन मी स्वतः करते. पहिल्यांदा केला तेव्हा पलीकडच्या माणसाला वाटले, कुणीतरी थट्टा करत आहे.

सरांचे विद्यार्थी किती कार्यालयांत आहेत हे सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतरांनी लिहिले आहे. मला अभिमान आहे तो सर चुकले तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी होते याचा. विद्वान शिक्षक मी आणखीही पाहिले. फळ्यावर स्वतःची चूक लिहून ती आपली आहे असे सांगणारे एकच पाहिले.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. कागद अजून हातानेच लिहितात. तो आता मोबाइलवर माझ्याकडे येतो. परवाच्या कागदात मला दोन चुका सापडल्या. फोन केला.

"दोनच?" सर म्हणाले. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचला. तिसरी सापडली.

सरांचे डोळे आणि हात असेच चालत राहोत. पंचवीस वर्षांनी, शंभराव्या वाढदिवसाच्या आठवड्यातही, त्यांचा कागद मला तपासायला यावा, आणि त्यात निदान एक तरी चूक असावी.