रजेच्या दिवशी चढणारं पाणी

बंदरावर तिला सगळे भरतीमावशी म्हणत. धक्क्याच्या पायऱ्यांशेजारी, पाण्यातल्या खांबाला आकड्यांची मोजपट्टी ठोकलेली होती. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी मावशी शेवटून तिसऱ्या पायरीवर उभी राही, लाट वर आली की एक आकडा धरी, खाली गेली की दुसरा, आणि दोन्हींचा मध्य वहीत लिही. सव्वीस वर्षं हेच काम. पाण्याशी बोलायचं तर आपला जीव आधी निवांत हवा, असं ती म्हणे. नवरा शिंपी. तो चिडवायचा, माझं माप बोटभर चुकलं तर गिऱ्हाईक दारात भांडायला येतं, तुझं गिऱ्हाईक काही अजून उगवलं नाही.

ते एका दुपारी पत्रातून उगवलं.

पुष्कळ देशांनी मिळून समुद्राच्या नोंदींचं एक सामायिक कोठार उभारलं होतं. ज्याने त्याने आपल्या वह्या संगणकात चढवून तिथे ठेवायच्या, ज्याला लागतील त्याने घ्यायच्या. मावशीच्या वह्याही तिथे पोचल्या होत्या. त्या तपासणाऱ्या दूरदेशीच्या बाईंनी विचारलं होतं, तुमच्या बंदरात गेली एकोणीस वर्षं मधूनच पाणी आठ सेंटिमीटर चढतं, चार-सहा दिवस तसंच राहतं आणि एकदम उतरतं, हे कसं? कारण कळलं नाही तर ही एकोणीस वर्षं कोठारातून काढावी लागतील.

कचेरीतले तरुण साहेब तारखा वाचू लागले. तिसरी तारीख ऐकताच मावशीने हातातला पेला खाली ठेवला. त्या दिवशी तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. त्याच्या पुढची तारीख सासूबाईंच्या आजारपणातली. सगळे तिच्या रजेचे दिवस.

मग तिने साहेबांना सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी धक्क्याची डागडुजी झाली. गवंड्याने पट्टी काढली आणि परत ठोकताना चार बोटं खाली ठोकली. मावशीच्या डोळ्यांना ते पहिल्याच सकाळी खुपलं. तिने मोजलं, आठ सेंटिमीटर भरले. तेव्हाचे साहेब म्हणाले, तुम्ही आठ वजा करून लिहीत जा, वरती मी कळवतो. कळवण्याआधी त्यांची बदली झाली. मावशी मात्र वजा करत राहिली. पट्टीवर दिसे एक आकडा, वहीत पडे दुसरा. पुढे पुढे तर आपण वजा करतो हेही तिला जाणवेनासं झालं. आणि ती रजेवर गेली की धक्क्याचे रखवालदार भाऊ पट्टी वाचत. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी दिसलं ते लिहिलं.

रखवालदार भाऊ आता घरीच असत. साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. हकीकत ऐकून ते पोट धरून हसले.

"म्हणजे मावशी, तुम्ही पाठ फिरवली की समुद्र डोकं वर काढायचा!" मग हसू आवरून ते साहेबांकडे वळले. "लिहून टाका, रखवालदाराला पट्टी वाचता येत नव्हती. मला आता कोण कामावरून काढतंय?"

साहेबांना ते पटल्यासारखं दिसलं. भाऊंचे दिवस चुकीचे म्हणून खोडले की बाकीच्या नोंदी आपोआप बचावत होत्या, आणि मावशीच्या नावाला धक्काही लागत नव्हता.

आपला आकडा कधी चुकला नाही, हा मावशीचा ताठा साऱ्या बंदराला माहीत होता.

"नाही साहेब," ती म्हणाली. "भाऊंनी डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं. मनातलं लिहिलं मी. लिहायचं तर तेच लिहा."

पण नुसत्या तिच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? तेव्हा तिलाच सुचलं. खाडीपलीकडचं बंदर दुसऱ्या देशाचं, पण पाणी तेच. त्यांच्या वह्या त्याच कोठारात सगळ्यांना खुल्या होत्या. साहेबांनी त्या काढल्या. पुढचे नऊ दिवस मावशी जुन्या वह्या उघडून बसली. संगणकात अक्षर दिसत नाही, कागदावर दिसतं. भाऊंचा सात मोडक्या काठीसारखा, तिचा सरळ. अक्षर ओळखून तिने रजेचा एकेक दिवस वेगळा केला. पलीकडच्या आकड्यांशी ताडल्यावर डागडुजीआधीच्या वर्षांत दोन बंदरांत जेवढा फरक पडे, बिनचूक तेवढाच तिच्या दिवसांत पडला, आणि भाऊंचे सगळे दिवस आठांनी वर निघाले.

साहेबांनी दीड पानाचा खुलासा लिहिला. गवंडी, बदली, वजाबाकी, सगळं त्यात आलं. मावशीने तो दोनदा वाचून खाली सही केली.

तीन आठवड्यांनी बाईंचं उत्तर आलं. एकोणीस वर्षं राहणार होती, आणि तो खुलासा आकड्यांच्या शेजारी कायमचा राहणार होता, कोणीही उघडावा, वाचावा. सोबत आणखी एक चिठ्ठी होती, मावशीने कधी नावही न ऐकलेल्या बंदरातून. तिथला मोजणारा कोठारातला खुलासा वाचून लिहीत होता की वादळात आमची पट्टी निघाली, परत ठोकताना ती वर बसली, तेव्हापासून मी मनातल्या मनात सहा मिळवतो, कोणाला सांगितलेलं नाही. तुमच्यासारखा खुलासा लिहायचा तर सुरुवात कशी करू?

साहेब म्हणाले, खुलाशाच्या कोऱ्या नमुन्याची एक प्रत पाठवून देऊ.

"नमुना नको," मावशी म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. "मी सांगते तसं लिहा. आधी त्याला म्हणावं, रजेवर कधी कधी होतास ते आठव."