देवाबद्दल सुया काढल्यावर बोला

तिसऱ्यांदा अलार्म वाजला तेव्हा म्हात्रे काकांचा देव नुकताच स्वर्गातून खाली उतरत होता. त्याला उतरवून घ्यायला काकांनी डावा हात वर नेला होता. नेमक्या त्याच हातात दोन सुया होत्या.

"काका, हात खाली."

"अगो बाय, देव काय हात खाली ठेवून दाखवायचा?"

"दाखवू नका. सांगा. खरं तर सांगूही नका."

मी पेणच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. ज्यांच्या किडन्या बंद पडल्यात त्यांचं रक्त एका सुईतून बाहेर काढायचं, मशीनमधून गाळायचं आणि दुसऱ्या सुईतून परत द्यायचं, हे माझं काम. एका वेळेला चार तास, आठवड्यातून दोनदा. पेशंटच्या हातात ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. त्याला फिस्टुला म्हणतात. सुया तिथे टोचतो. तो हात वाकला की रक्ताची वाट दबते, मशीन पंप थांबवते आणि केकाटते. पंप फार वेळ थांबला तर नळीतलं रक्त गोठू लागतं. म्हणून अलार्म वाजला की आम्ही धावतो. मग तो देवासाठी वाजलेला असो नाहीतर नाक खाजवण्यासाठी.

म्हात्रे काका खाडीकडच्या गावचे. आयुष्यभर मिठागरात काम केलं, शेवटी मुकादम झाले. त्यांना डॉक्टरांनी पहिली गोष्ट बंद केली ती मीठ. यावर ते स्वतःच सगळ्यांच्या आधी हसतात. देवाचं नाव घेणं हा त्यांचा रोजचा नेम, आणि ते दुसऱ्याला सांगणं हा मंगळवार-शुक्रवारचा. हे दोन दिवस आमच्याकडे त्यांचा बेड असतो. शेजारच्या बेडवर जो असेल त्याच्या नशिबी ते प्रवचन.

त्या महिन्यात शेजारच्या बेडवर संदेश होता. वय तिशीच्या आसपास. रोह्याजवळच्या वरशाला राहणारा, तिथल्याच धाटावच्या कारखान्यांपैकी एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. नवा पेशंट. चुलतभावाच्या बाईकवर मागे बसून यायचा, हात पुढे करायचा आणि डोळे मिटायचा. काका बोलायला लागले की चादर तोंडावर ओढायचा. काकांना वाटायचं पोरगा ध्यान करतोय.

इथे माझं सांगायला हवं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. पप्पांचं रोह्यात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, पण त्यांचा जीव पत्रकांत. अंगात का येतं, भानामती म्हणजे काय, ताईत का बांधू नये, अशी पत्रकं ते छापून घेतात आणि बाजाराच्या दिवशी वाटतात. भजीवाला त्याच पत्रकांत भजी बांधून आम्हालाच विकतो. शाळेत मी "माझी सहल" हा निबंध "तर बंधुभगिनींनो, विचार करा" असा संपवला होता. माझा देवावर विश्वास नाही, आणि ते मी कुणी विचारलं तर सांगते. न विचारता सांगायची खाज मलाही आहे. पण ड्युटीवर नाही.

तीन अलार्मच्या त्या मंगळवारी सुया काढताना संदेश पहिल्यांदा आपणहून बोलला.

"मॅडम, एक विचारू? नाम घेतलं तर मशीन सुटते का?"

"नाही. किडनी बदलली तर सुटते. नामानं नाही."

त्यानं मान हलवली आणि गेला.

शुक्रवारी तो आला नाही.

एक डायलिसिस चुकलं तर काय होतं हे थोडक्यात सांगते. लघवी होत नाही, म्हणजे प्यायलेलं पाणी शरीरातच राहतं. पाय सुजतात, मग ते पाणी छातीत चढतं आणि श्वास लागतो. रक्तात पोटॅशियम साठतं, आणि पोटॅशियम कसलीही सूचना न देता हृदय बंद पाडू शकतं. आमच्याकडे रिकामा बेड म्हणजे रजा नसते.

संदेशचा फोन बंद होता. चुलतभावाचा लागला. तो म्हणाला, "घरीच हाय. नाय म्हणतो यायला."

माझं डोकं फिरलं. मला सगळं उघड दिसत होतं. काकांनी नामाचा डोस पाजला, पोरानं मशीन सोडली. पप्पांच्या पत्रकात अशीच गोष्ट असते, शेवटी तिरडी असते. मी इनचार्ज कदम सरांकडे गेले.

"सर, वॉर्डात धर्मप्रसार बंद करा."

"कोण करतंय?"

"म्हात्रे काका."

"त्यांचा अलार्म ऐकून मला वाटलं मशीन खराब आहे. इंजिनिअरला बोलावलं होतं मी." सरांनी सुस्कारा सोडला. "बोर्ड लाव एक."

मी बोर्ड लिहिला. माणसाचा विवेक, आजारपणातली अगतिकता, राज्यघटना, सगळं त्यात आलं. सरांनी वाचला, पेन घेतलं आणि सगळं खोडून एक ओळ ठेवली: येथे धर्माबद्दल बोलू नये. माझ्या घटनेची त्यांनी अशी वासलात लावली.

मंगळवारी काका आले, बोर्ड वाचला.

"मंग बोलायचं काय? क्रिएटिनिन?"

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातली घाण मोजायचा आकडा. आमच्याकडे एकमेकांना "कसे आहात" असं विचारत नाहीत, "क्रिएटिनिन किती" असं विचारतात.

"बोला की."

"आन् दसऱ्याला या मशीनींना हार घालता, नारळ फोडता, ते काय?"

"मी त्या दिवशी सुट्टी घेते."

"मशीन नाय घेत," काका म्हणाले.  मी त्यांचं बीपी घेतलं, सुया टोचल्या.

तेवढ्यात संदेशला आणलं. भाऊ एका बाजूनं धरून होता. चेहरा सुजलेला, श्वास तोंडानं. वजनकाट्यावर उभं केलं तर अंगात पाणी बादलीभर साठलेलं. डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लावला, सुया टोचल्या, मशीन सुरू केली. तासाभरानं तो नीट श्वास घ्यायला लागला. काका सगळा वेळ गप्प होते. हातही सरळ. एकदाही अलार्म नाही.

मी संदेशजवळ स्टूल घेतलं. "कुठल्या बाबाकडे गेला होतास?"

"कुठं नाय."

"मग अंगारा? पाणी? खरं सांग."

"नाय हो मॅडम. घरी झोपलो होतो."

"का?"

 तो छताकडे बघत म्हणाला, "काका बोलतात ना, तर उठून जाता येत नाय. कंपनीत मेकॅनिक पण असाच बोलायचा, पण मी बिडीच्या बहाण्यानं सटकायचो. इथं उठता येत नाय. हे मशीनचं पण तसंच, आजाराचं पण तसंच. कशातूनच उठून जाता येत नाय. म्हटलं, एकदा नाय जाऊन बघू."

"आणि येत्या शुक्रवारी?"

"शुक्रवारचं शुक्रवारी बघू."

माझी सगळी गोष्ट कोसळली. ना बाबा, ना अंगारा. पोरगा अंधश्रद्धाळू नव्हता, कंटाळलेला होता. यावर पप्पांचं पत्रक नाही.

मी काकांच्या बेडशी गेले. राग होताच, पण आता तो नीट लागू पडणारा होता.

"काका, तुमच्या देवाशी माझं भांडण आहे, ते राहू दे. मला एक सांगा. तो पोरगा दोन सुयांनी बांधलेला. तुम्ही बोलता, त्यानं जायचं कुठे? याला सांगणं म्हणतात का?"

"मी त्याच्या भल्यासाठीच..."

"तो म्हणाला, उठून जाता येत नाही. म्हणून आलाच नाही."

काकांनी शेजारच्या बेडवर चादरीखालच्या संदेशच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते चिडतील. मिठागरावर पन्नास माणसांना दम दिलेला माणूस.

"व्हय," ते म्हणाले. "मना ध्यानातच आलं नाय. मी समजलो, झोपलेला माणूस ऐकतो." मग विचारलं, "मंग कवा बोलू? का बोलूच नको?"

मी तोंड उघडलं ते "बोलूच नका" म्हणायला. बोर्ड माझ्या बाजूला होता. पण माझ्या बापाला कुणी बाजारात "बोलूच नका" म्हणालं की मी त्याच्याशी भांडते. तोच नियम इथे उलटा कसा लावणार?

"सुया काढल्यावर बोला," मी म्हणाले. "त्याच्याही आणि तुमच्याही. तो थांबला तर. नाही थांबला तर नाही."

हे नुसतं न्यायाचं नव्हतं, सोयीचंही होतं. सुई काढली की त्या जागी कापसाची घडी ठेवून दुसऱ्या हातानं दहा-एक मिनिटं दाबून धरावं लागतं. फिस्टुलात रक्ताचा जोर मोठा असतो, सोडलं तर कारंजं उडतं. म्हणजे सुईवाला हात सरळ, दुसरा हात त्याच्यावर. देवाला स्वर्गातून उतरवायला एकही हात शिल्लक नाही. आणि रक्त थांबलं की वेळ संपली.

"आन् तुझ्या बापाची कागदं?" काकांनी विचारलं. पप्पांची कीर्ती पेणपर्यंत आली होती.

"तीच अट."

"मंग ठीक."

दुपारी दोघांच्या सुया निघाल्या. संदेशचं रक्त लवकर थांबलं, तो चप्पल घालून उभा राहिला. काका कापूस दाबून बसले होते. लग्नात भाषण करायला उठलेल्या माणसासारखा चेहरा.

"संदेश, दोन शब्द बोलू का? जायचं तर जा. दरवाजा तिकडं हाय."

संदेशनं दरवाजाकडे पाहिलं. भाऊ बाईक काढायला गेला होता. तो भिंतीला टेकला. "बोला."

काकांची पंचाईत झाली. आजवर त्यांना कुणी परवानगी दिलीच नव्हती. हात हलेना, सुरुवात सुचेना. शेवटी ते नेहमीपेक्षा बरंच हळू बोलले.

"मी जन्मभर मीठ काढलं आन् देवानं माझंच मीठ बंद केलं. पयल्या वर्षी मी पण दोनदा आलो नव्हतो इथं. आता रोज सकाळी त्याचं नाव घेतो आन् आधी चार शिव्या घालतो. बायको वरडते. पण मना बरं वाटतं. शिव्या घालायला तरी कोण पायजे ना रं? मना तो हाय. माझं एवढंच. तुला पायजे तर बघ, नको तर नको."

मी तिथेच बीपीची पट्टी गुंडाळत होते. इतक्या दिवसांच्या प्रवचनात या माणसानं शिव्यांचा उल्लेख कधी केला नव्हता.

 खाली बाईकचा हॉर्न वाजला, संदेश गेला.

"गेला," काका म्हणाले.

"जायची मुभा होती, काका."

"व्हय, व्हय. पण शुक्रवारी येल ना?"

मलाही तेच विचारायचं होतं, पण कुणाला विचारू? शिव्या घालायला माझ्याकडे फक्त कदम सर आहेत.

शुक्रवारी काकांना मशीनवर घेतलं. शेजारचा बेड तयार करून ठेवला होता. नव्या नळ्या, नवी चादर. वेळ टळून गेली. काका मान वळवून दरवाजाकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. नाव चाललं होतं की शिव्या, ते मी विचारलं नाही. कदम सर येऊन म्हणाले, "हा बेड वेटिंगवाल्याला देऊ का?" मी म्हटलं, "थोडं थांबा." चुलतभावाला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही.

मग दरवाजात संदेश दिसला. चेहऱ्यावर सूज कमी. नागोठण्याजवळ बाईक पंक्चर झाली होती, हे त्यानं कदम सरांना सांगितलं. वजन केलं, हात पुढे केला. मी सुई टोचत असताना तो माझ्यावरून पलीकडे बघून म्हणाला, "काका, सुया निघाल्या की जाऊ नका. मला बोलायचंय."

"आत्ता बोल की."

"आत्ता तुम्हाला उठून जाता येणार नाय," संदेश म्हणाला.

काका सुया निघेपर्यंत गप्प बसले.  त्यांच्या सुया आधी निघाल्या, तरी ते कापूस दाबून थांबले, रक्त थांबल्यावरही थांबले. त्यांचा मुलगा रिक्षा घेऊन खाली ताटकळत होता. त्याला वर बोलावून काकांनी सांगितलं, "जरा दम काढ, काम हाय." मग मी संदेशच्या सुया काढल्या. आता तो कापूस दाबून बसला आणि काका समोर स्टुलावर.

"मी पण शिव्या घालून बघितल्या," संदेश म्हणाला. "देवाला. दोन दिवस. पण मला तिकडं कोण असल्यासारखं वाटेना. खोटं कशाला बोलू? मग येताना ठरवलं, या मशीनला घालायच्या. आत्ता मनातल्या मनात चार तास घातल्या."

"आन् मशीन ऐकते?"

"तुमचा देव ऐकतो का?"

"ऐकत असंल. बोलत नाय कधी."

"मशीन बोलते," संदेश म्हणाला. "अलार्म वाजवते."

काका इतके हसले की मला त्यांच्या हाताकडे बघावं लागलं, पुन्हा रक्त सुरू झालंय का ते. संदेशही हसला, त्याचा कापूस सरकला, आणि चादरीवर लाल ठिपके पडले. मी दोघांवर ओरडले. काका स्टुलावरून उठत म्हणाले, "मंगळवारी सांगतो तुला याचं उत्तर. आत्ता सुचत नाय."

"या तयारी करून," संदेश म्हणाला. "मी हाय."

कदम सरांनी बोर्ड काढला नाही. खाली पेनानं "सुया असेपर्यंत" एवढं लिहिलं. काका अजून आस्तिक आहेत, मी अजून नास्तिक आहे आणि संदेश मशीनला मानतो. तो त्यानंतर एकदाही चुकलेला नाही. काका त्याचं श्रेय देवाला देतात. मी देत नाही. संदेश म्हणतो, भांडण अर्धवट आहे म्हणून येतो.

मला त्यातून कळलं ते इतकंच. आपलं काय ते थोडक्यात सांगावं, दरवाजा उघडा ठेवावा आणि गप्प बसावं. म्हणजे समोरच्याला परत येऊन बोलायला काहीतरी शिल्लक राहतं. रात्री जेवताना पप्पांना हे सांगितलं. त्यांना फार पटलं. ते त्यावर आठ पानी पत्रक काढतायत.