राक्षसिणीचा खांदा

दिवसभर गणवेशांच्या शर्टांना काजं पाडून ती कारखान्यातून घरी आली, तेव्हा उजवा खांदा ठणकत होता. नवऱ्याने तिचं नाव ठेवलं होतं आरंभशूर, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. विणकाम अर्धं, शिवणवर्ग अर्धा, सायकल तर ब्रेक लावायला शिकायच्या आधीच सोडलेली. म्हणून फोनवरच्या चित्रगटात रोज एक शाईचं चित्र टाकायचंच, असा हट्ट तिने धरला होता. महिनाभर विषय एकच, अद्भुतनगरी. शब्द मात्र रोज नवा. एक दिवस चुकला की गटातून नाव कमी.

आजचा शब्द होता ‘कळ’.

विचार करावाच लागला नाही. कुकर लावून ती टेबलाशी बसली आणि थेट शाईनेच डोंगराएवढी राक्षसीण काढली. खांद्यावर अख्खं शहर: मनोरे, पूल, उडत्या घोड्यांचे तबेले. खाली राक्षसिणीने दात आवळलेले.

सासूबाई पाणी प्यायला आल्या आणि वाकून बघत राहिल्या. “अगं, हिला म्हणावं, खांदा बदल जरा.”

“शाई आहे आई. आता नाही बदलत.”

“मग सोस म्हणावं.”

चित्र टाकायला तिने गट उघडला आणि बघतच राहिली. कुणाच्या घोड्याच्या कानामागे कळ, कुणाची ढगांचं दार उघडणारी. दाबायची कळ! सगळ्यांना तीच सुचली होती. हिच्या डोक्यात ती आलीसुद्धा नव्हती. दुसरं चित्र काढायला हात उचलत नव्हता. राक्षसिणीच्या पोटावर एखादं बटण काढून मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलं; पण बटणांचा तिला आधीच वीट आला होता. तिने होतं तसंच टाकलं.

गट चालवणाऱ्या चित्रकलेच्या निवृत्त बाईंनी लगेच विचारलं, “चित्र छान, पण यात कळ कुठे आहे?”

“खांद्यात,” तिने डाव्या हाताने लिहिलं.

कुकर उतरवून ती पुन्हा फोनपाशी आली, तेव्हा बाईंचं उत्तर होतं, “दुखत असेल हो. चित्र धरलं.”

नवरा टॉवेलने तोंड पुसत आत आला. “काय आरंभशूर, आहात का अजून त्यात?”

“आहे,” ती म्हणाली. “पानं तुम्ही घ्या आज.”