काऊन, मॅडम?

आदिलाबादचे चार जिल्हे झाले त्या वर्षी मी तिथल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते. नोकरी कंत्राटी. नवं राज्य, नवे जिल्हे, आणि 'इथलं कोण, बाहेरचं कोण' हा विषय स्टाफरूममध्ये चहाबरोबर रोज निघायचा. आमचं घर चार पिढ्यांपासून इथलंच, पण मराठी. म्हणून कॉलेजात मी मराठीचा एक शब्दही बोलत नसे.

वर्गात बेल्याकडच्या मराठी खेड्यातली एक मुलगी होती. घरी कापूस, ज्वारी. पहिल्याच आठवड्यात तिनं न राहवून विचारलं, "मॅडम, असं काऊन होते?" काऊन म्हणजे का; मला प्रश्न पुरता कळला होता. मी तेलुगूत म्हणाले, "नाकु मराठी रादु." मला मराठी येत नाही. वर्ग हसला. मीही हसले, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

समाजाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी पुस्तकातून काही केल्या मुलांच्या डोक्यात शिरेनात. मग मी तीन गट करून नाटकं बसवायला सांगितली. प्रसंग सगळ्यांना एकच, तहसील कचेरीत दाखला काढायचा. वर दहा गुण.

पहिल्या गटाच्या कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत जो तो आपलं काम करत होता आणि गाडा चालत होता. दुसऱ्या गटात खुर्चीवाले आणि बिनखुर्चीवाले असे भांडले की टेबल मोडता मोडता वाचलं. तिसऱ्या गटाला दाखवायचं होतं, की माणसं एकमेकांशी काय आणि कसं बोलतात त्यावरून कोण आपलं, कोण परकं हे ठरत जातं. त्या गटात ही मुलगी कारकून झाली होती.

तिची मैत्रीण डोक्याला उपरणं गुंडाळून म्हातारा झाली. "माय, आमचं गाव कोन्त्या जिल्ह्यात गेलं? दाखला पायजे होता."

मान वर न करता कारकून म्हणाली, "नाकु मराठी रादु."

म्हातारा माघारी वळला. तेवढ्यात तिनं फोन कानाला लावला आणि माझ्या आवाजात, माझ्या पुस्तकी मराठीत म्हणाली, "हो आई, जेवले. दोडक्याची भाजीसुद्धा संपवली."

आदल्या आठवड्यात व्हरांड्याच्या टोकाला पाठ फिरवून मी हेच बोलले होते. वर्ग हसून लोळत होता. तेलुगू मुलांना त्यातलं कितपत समजलं कोण जाणे, पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, झालं, सगळ्यांना कळलं.

खरं तर धडा समजला होता तो त्याच गटाला. हे मला तिथल्या तिथे दिसलं होतं. तरी मी त्यांना दहापैकी चार गुण दिले आणि शेरा मारला, 'विषयांतर'. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन स्टाफरूममध्ये आली. समोर दोन सहकारी चहा पीत बसले होते. तिनं 'काऊन' म्हटलं असतं तर मी मराठीत उत्तर दिलं असतं, असं मी अजूनही स्वतःला सांगते. तिनं शेऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "एंदुकु, मॅडम?" तेलुगूतलं काऊन.

मी तेलुगूतच म्हणाले, धडा परत वाच.

ती मान हलवून गेली. त्यानंतर वर्षभर तिनं वर्गात कुठल्याच भाषेत 'का' विचारलं नाही.