मालनबाईची पन्हाळ

मालनबाई माझी मोठी जाऊ. रंगानं गोरी, बोलायले गोड, अन् हाताले असा गुण की तिची भाकर टोपलीत पडेपर्यंत फुगलेलीच राहे. हे मी सांगून राह्यली म्हणून खरं समजा. तिची तारीफ करायची मले कंदीच हौस नव्हती. तिचं नाव निंघालं की आजबी मी तोंड फिरवते.

तिचा नवरा, म्हणजे आमचे थोरले यशवंतराव, भैंशा गावाले कापसाच्या जिनिंगवर कामाले होते. त्याईनं तिकडून पत्रा आणून घराच्या वळचणीले पावसाचं पाणी वाहून न्यायले पन्हाळ बसवली. गावात पत्र्याची पयली पन्हाळ तेच. आमच्या घराले ताडाचं खोड कोरून केलेली. निजामाचं राज्य गेलं त्या पुलिस ॲक्शनच्या साली थोरले तापानं गेले. लेकरूबाळ नव्हतं. मालनबाई त्या घरात एकटी राह्यली, आमच्या भिंतीले भिंत लागून.

मंग सुरू झालं. पाऊस लागला की बाई दारात उभी. "भाऊजी, पन्हाळ गळून राह्यली, भिंतीले ओल आली." झालं! आमचे हे ताटावरून उठत, डांबराचा डबा अन् शिडी घेऊन निंघत. आमच्या ताडाच्या पन्हाळीले ही अशी चीर गेलती, पाणी माझ्या चुलीपाशी ये. ते दाखवलं तं हे म्हणत, "पाहू मंग." मंग म्हणजे कंदी वं माय? घरची करते देवा देवा, अन् बाहेरचीले चोळी शिवा!

मले वाटे, एवढं डांबर खाऊन ते पन्हाळ गळते कशी? बाई खोटं बोलत असन. पन्हाळ धड हाये, अन् इले माझा नवरा शिडीवर पाह्यजे. तिचं खोटं तिच्या पदरात टाकायचं म्हणून मी बाजारात पत्रे-भांडे सांधणाऱ्या फकिरा कथलकराले गाठलं. म्हटलं, पन्हाळ बिघडली हे खालून कसं वळखावं?

फकिरा हसला. "पाणी तोंडातून न पडता मधातच टपकते काय ते पाहा, बाई. टपकत असन तं खाली मातीत खड्डे पडतात. भिंतीवर हिरवं धरते, चुना सुटते. अन् वर चढली तं बोट लावून पाहा. गंजाचं भोक वाकडंतिकडं राह्यते, भोवतालचा पत्रा तांबडा होऊन चुरते."

मंग काय, पाऊस आला की मी डोक्यावर पोतं घेऊन तिच्या अंगणात. पाह्यलं तं मातीत खड्डे होते. भिंतीवर हिरवा पट्टा होता. चुना पोपडे धरून सुटला होता. मेली खरंच बोलत होती! मले त्याचाबी राग आला.

छप्पनच्या सालात तं तिनं बोलावणंच सोडलं. हे आपणहून जाऊ लागले. मी मनात म्हटलं, घ्या, आता हाक मारायचीबी गरज उरली नाई.

त्याच सालच्या भादव्यात गावात बातमी पक्की झाली, की किनवट आपल्या जिल्ह्यातून काढून ममईच्या राज्यात घालतात, अन् आपण राह्यतो तेलंगी मुलखात. पारावर माणसं तोंड पाडून बसली. कचेरीत उर्दू होतं तं उर्दू, आता तेलगू कोण वाचून देईन? मी मात्र मनात साखर वाटली. काऊन का मालनबाईचं माहेर किनवटचं, आता ते तिकडंच जाईन!

अन् खरंच तिचा भाऊ दादाजी गाडी जुंपून आला. म्हणे, "बाई, आता राज्यच येगळं होऊन राह्यलं. भिंत अशी फुगलेली. एकटीनं कायले राह्यतं? चाल घरी." ते आत गेली. गाठोडी बांधायले बसली.

आमचे हे दादाजीच्या मागं मागं फिरले. "वयनीले नेऊ नका. मी पत्रा आणतो, पन्हाळ सारी नवी करून देतो." मी उंबऱ्यात उभी राहून आयकत होती. मी माहेरी जायची म्हटलं की हाच माणूस आदल्या दिवशीच बैलाले पेंड चारून ठेवे! माझ्या आंगाची लाही लाही झाली.

सकाळी हे पत्र्यासाठी भैंशाले गेले. मी लुगड्याचा काचा मारला अन् शिडी लावली. ज्या पन्हाळीनं माझा नवरा बांधून ठेवला ते एकदा डोळ्यानं पाह्याची होती.

वर पत्रा खणखणीत होता. गंज कुठंच नाई. भोकं मात्र होती. एक डांबरानं बुजवलेलं, त्याच्या बाजूले दुसरं, पुढं तिसरं. सारी गोल, सारख्या मापाची, अन् कडा खालच्या बाजूले वळलेल्या. मी बोट घातलं तं कडा बोटाले रुतल्या. वरून खिळा ठोकल्याशिवाय असं भोक पडत नाई. अन् त्या वळचणीवर चढे कोण? एकच माणूस. मी छपराच्या कवेलूवर तशीच बसून राह्यली.

मंग खाली आली ते तडक तिच्या घरात. म्हटलं, "जाऊबाई, तुमची पन्हाळ गंजली नाई. कोणी तरी खिळ्यानं भोकं पाडून राह्यलं."

तिनं गाठोड्याची गाठ आवळली. वर पाह्यलं नाई. "मले ठाऊक हाये, वच्छला. औंदा मिरगात ठोकायचा आवाज आयकला मी."

"मंग तुमी बोलल्या काऊन नाई?"

"बोलली असती तं तू कुठं गेली असती?" ते म्हणे. "दादाजीले निरोप मीच धाडला. आता गेली तं लोकं म्हणतीन, राज्य बदललं म्हणून गेली. तुझ्या घराचं नाव कोणी घेणार नाई."

इतके वरसं मी त्या बाईले शिव्या घातल्या, त्यातली एक तरी तिनं खरी ठरू द्यायची होती! नवऱ्याचं मन तं तिच्याकडं होतंच. वरून मोठेपणबी तीच घेऊन चालली. गाडी हालली तशा गल्लीतल्या साऱ्या बाया पदर डोळ्याले लावून उभ्या. मीबी लावला. माझं रडू कशाचं होतं ते मलेच ठाऊक.

दिवस मावळता हे आले, खांद्यावर पत्रा. बाजूच्या दाराले कुलूप दिसलं तसे मधातच थांबले. मी म्हटलं, "तो पत्रा आता आपल्या घराले ठोका. अन् खिळे माझ्याजवळ द्या. लागतीन तसे मी मोजून देईन."

त्याईनं माझ्याकडं पाह्यलं. समजलं त्याईले. खिशातून खिळे काढून माझ्या हातावर ठेवले, भांडले नाई, कबूलबी केलं नाई. इचारलं ते एवढंच,

"वयनी नीट गेली ना?"