कापलेल्या कडीचं कुलूप

तिसरीच्या बाई इतिहास शिकवायच्या तो पुस्तक मिटवून. मुलांनी घरातली एखादी जुनी वस्तू आणायची, टेबलावर मांडायची आणि तिला खोदून खोदून प्रश्न विचारायचे. काय दिसतं? कुणी वापरली? आता विचारायचं कुणाला? माणसं काय, खुशाल थापा मारतील, वस्तूला थापा मारता येत नाहीत, असं बाई ठासून सांगायच्या. आजवर टेबलावर इस्त्र्या आल्या, चष्मे आले. एकाने आजीची कवळी आणली आणि आजी दुपारपर्यंत उपाशी बसली. असल्या इतिहासाने कुणाचं काय वाकडं होणार?

मग चौकशीने कुलूप आणलं. चौकशी म्हणजे पहिल्या बाकावरची, सदा हात वर असलेली मुलगी. तिचे आजोबा आगीच्या बंबावर होते. जुना रंगाचा कारखाना जळाला तेव्हा फाटकावरचं हे कुलूप त्यांनी उचलून घरी आणलं. त्याबद्दल ते बोलत नाहीत, नुसतं अधूनमधून तेल घालतात, असं तिने सांगितलं.

त्या आगीत माणसं गेली होती. जी वाचली ती वॉचमनने जिवावर उदार होऊन फाटक उघडलं म्हणून. तिथे तशी पाटीच लावली आहे. तो वॉचमन म्हणजे बाईंचे बाबा. ते चहाला गेले की लोक अजूनही उठून त्यांना खुर्ची देतात.

मुलं कामाला लागली होती. कुलूप बंद आहे, एक म्हणाला. कडी करवतीने कापलीय, दुसरीने बोट फिरवून दाखवलं. मग चौकशीचा हात वर गेला. वॉचमनकाकांनी उघडलं होतं, तर कापलं कशाला?

दुसऱ्या फाटकाचं असेल, बाई म्हणाल्या. कारखान्याला फाटक एकच होतं. आता विचारायला कुणी राहिलं नाही, असंही त्यांनी म्हणून पाहिलं.

"आहेत की, बाई," चौकशी म्हणाली. "तुमचे बाबा."

घरी जाताना बाईंनी लांबचा रस्ता धरला. नको ते उत्तर आलं, तर याच माणसासमोर रोज जेवायला बसायचं कसं? तरी त्यांनी बाबांना सगळं सांगितलं आणि लगेच पुढे जोडलं की तब्येतीचं कारण सांगून टाकते, मुलं काय, दोन दिवसांत विसरतील. बाबा, हसण्यावारी न्या, एकदा तरी हसा, असं बाई मनात घोकत होत्या.

"येतो मी," बाबा म्हणाले.

सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. वर्गात मुलं उभी राहिली आणि चौकशीने दोन्ही हातांनी कुलूप पुढे केलं. बाईंनी खिडकीचा गज धरला. बाबांनी खिशातून किल्ली काढली. ती इतकी वर्षं आपल्याच घरात होती, याचा बाईंना पत्ता नव्हता.

किल्ली सहज फिरली. खट् आवाज झाला आणि कापलेली कडी वर उसळली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी मात्र मान खाली घातली होती. टाळ्या विरल्या, तेव्हा चौकशीचा हात वरच होता.

"म्हणजे काका, किल्ली लागत होती?"

"लागत होती. आग बघून मी पळालो, किल्ली माझ्या खिशातच राहिली. परत आलो तेव्हा बंबवाल्यांनी कडी कापून फाटक उघडलं होतं. लोकांना वाटलं मीच उघडलं, त्यांनी मला खांद्यावर घेतलं."

बाईंना वाटलं, आता आपण सुटलो. पण चौकशीला अजून विचारायचं होतं.

"आत कोण कोण राहिलं?"

बाबा एकेक नाव सांगू लागले. एकही विसरले नव्हते. बाईंनी खडू उचलला आणि प्रत्येक नाव फळ्यावर लिहिलं.