ओढ्याच्या वहीतली खोटी नोंद

माझ्या हातात मासेमारीची काठी पहिल्यांदा आली तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. नेदरलँड्समधल्या लायडनच्या सायन्स पार्कमध्ये, एका प्रयोगशाळेत मी काम करते. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर एक डच बाई होती. साठीला टेकलेली, उंच, कमी बोलणारी. लॅबमधलं एखादं यंत्र बिघडलं की सगळे आधी तिला शोधायचे. एका सोमवारी तिने मला विचारलं, सुट्टीच्या दिवशी तू काय करतेस? मी म्हटलं, कपडे धुते, आठवड्याची भाजी आणते, आईला फोन करते. तिने जरा विचार केला आणि माझ्या पायाचा नंबर विचारला. येत्या शनिवारी माझ्याबरोबर चल, बूट मी आणते, एवढंच म्हणाली.

आमच्या घराखालच्या कालव्याचं पाणी हिरवं आणि जागच्या जागी थांबलेलं असतं. पण देशाच्या दक्षिण टोकाला, लिम्बुर्गमध्ये, टेकड्या आहेत आणि तिथले ओढे वाहतात. तिच्या जुन्या गाडीतून आम्ही अडीच तास गेलो. ओढा दहा-बारा पावलं रुंद होता, तळाचे गोटे दिसत होते. या थंड, वाहत्या पाण्यात ट्राउट राहतो. तपकिरी अंग, त्यावर लाल ठिपके, हाताच्या वितीपेक्षा थोडा मोठा. ती म्हणाली, पाणी जरा बिघडलं की पहिला हा मासा जातो.

तिने मला काठी कशी फेकायची ते शिकवलं, पण त्याआधी मासा कसा सोडायचा ते शिकवलं. आधी हात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धरायचं, आणि त्याने स्वतःहून शेपटी मारली की हात सैल सोडायचे. माझा पहिला मासा निसटला तेव्हा मी कितीतरी वेळ पाण्यात तशीच उभी होते.

नांदेडला आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "पकडायचा आणि सोडायचा? मग त्याला त्रास द्यायचा कशाला?" आमच्याकडे रविवारी मासे शिजायचेच, त्यामुळे हा प्रश्न तिने अहिंसेपोटी विचारला नव्हता. तिला त्यातली गंमतच कळत नव्हती. मी तो लॅबमधल्या त्या सहकारीणबाईला सांगितला. ती हसली आणि म्हणाली, तुझ्या आईचं बरोबर आहे, म्हणून तर आपण ओढ्याचं कामही करायचं.

ते काम मग मी पाच वर्षं तिच्याबरोबर केलं. तिथल्या मासेमारी क्लबचे पंधरा-वीस लोक होते. हिवाळ्याआधी तळाचे गोटे दाताळ्याने हलवायचे, म्हणजे गाळ निघून जातो आणि माशांच्या अंड्यांना हवा मिळते. महिन्यातून एकदा ठरलेल्या पाच जागी दगड उलटून खालचे किडे मोजायचे. वाळूच्या कणांची नळी करून तिच्यात राहणारी एक अळी असते. ती भरपूर दिसली की पाणी ठीक आहे असं समजायचं. माझं अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडे आली. वहीच्या पहिल्या पानावर तिने लाल शाईने एक फोन नंबर लिहिला होता. पाण्याचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचा, ज्याला इथे वॉटरस्खाप म्हणतात, त्यांचा तातडीचा नंबर.

त्या पाचातल्या तीन जागांवर जायला एका शेतकऱ्याच्या कुरणातून वाट होती. पन्नाशीचा माणूस, सत्तर-ऐंशी गाई, गोठा ओढ्यापासून फार तर दोनशे पावलांवर. आम्ही दिसलो की तो हमखास कॉफीला बोलवायचा. माझं डच तेव्हा कच्चं होतं, म्हणून तो माझ्याशी अगदी सावकाश बोलायचा, एखादा शब्द अडला तर हाताने दाखवायचा. आमच्या ऑफिसातले लोक माझ्याशी सरळ इंग्रजीत बोलायला लागतात. या माणसाने मला डच बोलू दिलं. त्याच्या बायकोने मला जर्दाळूचं सारण भरलेला तिथला गोड केक करायला शिकवला. त्या घरात मला पाहुणी म्हणून कुणी अवघडवलं नाही, आणि या देशात असं घर माझ्यासाठी ते एकच होतं.

पाचव्या वर्षी एप्रिलमध्ये सहकारीणबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. महिन्याची मोजणी चुकवायची नाही, म्हणून एका शनिवारी मी पहिल्यांदाच एकटी गेले. आधी ट्रेन, मग बस, मग अर्धा तास चालत. अकराच्या सुमाराला कुरणात शिरले आणि वास आला. गोठ्याकडून येणाऱ्या चरातून तपकिरी, फेसाळ पाणी ओढ्यात पडत होतं. शेतकरी गुडघाभर चिखलात उभा राहून फावड्याने माती टाकून चर बुजवत होता.

गोठ्याखाली शेणामुताचं मोठं टाकं असतं. त्यातून पातळ खत टँकरमध्ये भरताना जाड पाइप जोडावरून निसटला होता. पंप चालूच राहिला आणि तो घरात कॉफी घेत होता. त्याने हे मला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मी येईपर्यंत चर जवळजवळ बंद झाला होता. पण जे गेलं ते ओढ्यातून खाली चाललं होतं, एका काठाला धरून, लांब तपकिरी पट्ट्यासारखं.

मी वही काढली, पहिलं पान उघडलं आणि फोन हातात घेतला. तो फावडं टाकून माझ्याजवळ आला.

"फोन करू नकोस," तो म्हणाला. "मागच्या वर्षी मला एकदा नोटीस आली आहे. पुन्हा काही झालं तर ते परवाना काढून घेतील. आता थांबलंय. दुपारपर्यंत वाहून जाईल."

मी म्हटलं, "खाली मासे आहेत."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

ते खरं होतं. मी फोन खिशात ठेवला. त्याने मान हलवली आणि परत माती टाकायला गेला. त्या दिवशी मी एकही दगड उलटला नाही. बसस्टॉपवर बसून वहीत लिहिलं: "पाणी गढूळ, बहुधा वरच्या भागात पाऊस. मोजणी केली नाही." पाऊस आठवडाभर पडला नव्हता.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ॲमस्टरडॅमच्या स्लोटरडाइक भागात एका आयटी कंपनीत आहे. आमचे नागरिकत्वाचे अर्ज तेव्हा खेमेंटेकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, पडून होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की हा त्यांचा आपसातला मामला आहे, कागद हातात येईपर्यंत आपण कुठल्याही जबाबात आपलं नाव यायला देऊ नये. मला ते पटलं असं नाही. पण त्याने तसं म्हटल्यावर मला बरं वाटलं, हे मी कबूल करते.

रविवारी दुपारी क्लबच्या ग्रुपवर फोटो यायला लागले. फिरायला गेलेल्या लोकांना जुन्या पाणचक्कीच्या बांधाशी मेलेले मासे दिसले होते. सोमवारी मी रजा टाकली. सहकारीणबाई कुबड्या घेऊन आली, डॉक्टरांनी नको म्हटलं असतानाही. आम्ही आठजण होतो. दाताळ्यांनी मासे काठाला ओढायचे आणि प्लॅस्टिकच्या टबांत भरायचे. ट्राउट तर होतेच, पण तळाशी राहणारे बोटाएवढे छोटे मासेही होते, जे एरवी आम्हाला दिसतसुद्धा नसत. एक ट्राउट माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब होता. सहकारीणबाईने तो दोन्ही हातांत घेतला. हात ओले करायचं आता काही कारण नव्हतं, तरी तिने ते आधी पाण्यात बुडवले.

ती म्हणाली की कुणी तासाभरात फोन केला असता तर वॉटरस्खापच्या लोकांनी बांधाच्या वरच्या अंगाचं लोखंडी दार बंद करून ते पाणी अडवलं असतं, किंवा पंपाने पाण्यात हवा तरी सोडली असती. निदान बांधाखालचे मासे वाचले असते. ती हे कुणाला उद्देशून बोलत नव्हती. मी दाताळं चालवत राहिले.

दहाच्या सुमाराला तो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. भरलेले टब वाहायला मदत करतो म्हणाला. सगळ्यांनी त्याचे आभार मानले. एक टब त्याने आणि मी दोन बाजूंनी धरून उचलला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचे डोळे लाल होते.

वॉटरस्खापने नमुने घेतले, पण तोवर घाण पुढे निघून गेली होती. ओढ्याला लागून बरेच गोठे होते, कुणाचं खत ते सांगता येईना. मग लोकांनी आपापला अंदाज बांधला. वरच्या अंगाला शहरातून आलेलं एक तरुण जोडपं डुकरं पाळत होतं. दोन वर्षांपूर्वीच आले होते, गावात फारसे मिसळत नव्हते. ग्रुपवर एकाने लिहिलं, नवख्या लोकांना या पाण्याचं काय? त्याखाली 'लाइक'च्या अंगठ्यांची रांग लागली. पुढच्या मोजणीला मी गेले तेव्हा त्यांच्या फाटकाजवळची अंडी विक्रीची पाटी उपटून चरात टाकलेली होती. मी ती उचलली, फाटकाला टेकवून ठेवली आणि निघून आले. मी वळले तेव्हा त्या जोडप्यातली बाई खिडकीतून बघत होती. पाटी मीच उपटली असं तिला वाटलं असावं.

"नवखे लोक" हे शब्द मला सोसवेनात. आमच्या गावात माझ्या आजोबांना विहिरीला हात लावू देत नसत, कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत ते ओंजळ धरून उभे असायचे. वडिलांनी ते आम्हाला रडत कधी सांगितलं नाही. ते सांगायचे की पाण्यापाशी जो गप्प बसतो त्याला कायमचं गप्प बसवतात. आणि मी इथे गप्प बसले होते, शिवाय दुसऱ्याच कुणावर आळ येऊ दिला होता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी लॅबच्या कँटीनमध्ये मी सहकारीणबाईला सांगितलं. जेवणाची वेळ उलटून गेली होती, आजूबाजूला कुणी नव्हतं. माझं बोलणं संपल्यावर तिने वही मागितली. ती माझ्या पिशवीत होती. तिने ते पान काढलं, वाचलं, आणि त्या नोंदीवर बोट ठेवलं.

"फोन केला नाहीस, ते मला समजतं," ती म्हणाली. "कदाचित मीही क्षणभर थांबले असते. पण हे तू बसून लिहिलंस."

तिने वही मिटून माझ्यापुढे सरकवली. आता काय करायचं ते तू ठरव, मी तुझ्या वतीने करणार नाही, असं म्हणून ती आपल्या कुबड्या गोळा करायला लागली. मी मदतीला उठले, तेव्हा तिने नको म्हणून हात केला.

मी त्याच दुपारी पहिल्या पानावरचा नंबर फिरवला. दोन दिवसांनी वॉटरस्खापचा एक माणूस येऊन माझा जबाब घेऊन गेला. चुकीच्या नोंदीखाली मी खरी नोंद लिहिली, तारीख घातली आणि सही केली. नवरा दोन-तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. नागरिकत्वाचे कागद पुढे नेहमीसारखे आले, जबाबाचा त्यांच्याशी काहीही संबंध नव्हता. ही भीती आम्हीच आमच्या डोक्यात वाढवली होती.

जबाब देण्याआधी शेतकऱ्याला सांगावं म्हणून मी त्याला फोन केला. त्याच्या बायकोने उचलला. मी काय करणार आहे ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला झोप लागत नाहीये. त्याने स्वतःच जायला हवं होतं." आणि मग म्हणाली, "तू आता इकडे येऊ नकोस." दोन्ही वाक्यं ती एकाच आवाजात बोलली.

त्याचा परवाना गेला नाही. गाई कमी कराव्या लागल्या आणि टाक्याभोवती भिंत बांधावी लागली. त्याने कुरणातली वाट क्लबला बंद केली, त्यामुळे आमच्या पाचातल्या तीन जागा सुटल्या. क्लबमधल्या काहींनी याचा दोष मला दिला, आणि एकाने तर मी उशिरा का होईना बोलले त्यापेक्षा अजिबात बोलले नसते तर बरं, असंही सुनावलं. त्या जोडप्याची कुणी माफी मागितल्याचं मी ऐकलं नाही. मी त्यांना एक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, आणि ते यावं अशी अपेक्षा ठेवायचा मला हक्क नाही. गेल्या वर्षी त्यांनी ती जागा विकली.

सहकारीणबाई निवृत्त झाली. वाढदिवसाला आम्ही एकमेकींना फोन करतो, गुडघा कसा आहे, आई कशी आहे, असं विचारतो. ट्राउटचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो, तेव्हा दरवर्षी वाटतं की ती विचारेल, चल म्हणून. ती विचारत नाही. मी माझी काठी क्लबला देऊन टाकली. उरलेल्या दोन जागांवर मात्र मी दर महिन्याला जाते आणि किडे मोजते. गेल्या शरदात वरच्या जागेवर नळीतल्या अळ्या परत आल्या होत्या. खालच्या जागेवर अजून फारसं काही नाही.

यंदा आई दोन महिने आमच्याकडे राहायला आली होती. तिला मी ओढ्यावरच्या पुलावर नेलं आणि सगळं सांगितलं. ती कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होती.

तिने विचारलं, "त्याने विनवलं म्हणून गप्प बसलीस, का तुला भीती वाटली म्हणून?"

मी म्हटलं, त्याने विनवलं म्हणून. भीतीचं मी तिला सांगितलं नाही.

तिने शाल नीट केली, बस किती वाजता आहे ते विचारलं, आणि आम्ही स्टॉपकडे निघालो.